चार मिनिटांचा भरवसा

आमच्या टोगेनबुर्गच्या डोंगरी खोऱ्यात कुणाला लांबचा प्रवास करायचा असला की तो आधी रेगुला ब्लायकरच्या स्वयंपाकघरात येतो. स्टेशनातली तिकीटखिडकी बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली. तिथं आता एक यंत्र उभं आहे, आणि ते कुणाच्या पायदुखीची चौकशी करत नाही. रेगुलानं त्या खिडकीमागं उभं आयुष्य काढलं. खिडकी गेली, माणसं राहिली. कुणाला क्राकोवला मुलीकडं जायचं असतं, कुणाला गुडघ्याच्या ऑपरेशनाआधी एकदा लिस्बन बघायचं असतं. ती टेबलाशी बसतात, कॉफी पितात, आणि रेगुला चष्मा नाकावर सरकवून संगणकापुढं बसते. कुठल्या देशात आरक्षणाशिवाय गाडीत पाय ठेवू देत नाहीत, कुठं ते उगाच काढायला लावतात, कुठल्या स्टेशनात समोरच्याच फलाटाला दुसरी गाडी लागते, हे सगळं सांगून ती तिकिटं हातात देते.

तिचा हट्ट एकच. मधे वेळ फुकट घालवायचा नाही. गाडी बदलायला ती चार मिनिटं ठेवते. दहा मिनिटं मिळाली तर नाक मुरडते.

आता यात तिचा एकटीचा काही दोष नाही. आमच्याकडं चार मिनिटं पुरतात. उतरा, फलाट ओलांडा, चढा. गाडीला उशीर झालाच तर टीसी पुढं कळवतो आणि डोंगरातली शेवटची बससुद्धा एका म्हातारीसाठी दार उघडं ठेवून उभी राहते. आम्ही यातच लहानाचे मोठे झालो. आपल्या देशाबाहेर हा भरवसा चालत नाही, हे आम्ही ऐकून असतो, पण मनाला काही ते पटत नाही. बाहेर गाडी चुकली की आम्ही फलाटावर असे उभे राहतो, जणू कुणी भर चौकात थोबाडीत दिली.

खिडकीत असताना रेगुला दोनच प्रश्न विचारायची. "कुठं जायचंय? एकेरी की परतीचं?" उत्तरांवरून तिला सगळ्या खोऱ्याची कुंडली कळायची. कोण दवाखान्यात चाललंय, कोण दर गुरुवारी नको त्या गावाला चाललंय, सगळं. पण तिच्या तोंडून कधी अवाक्षर बाहेर पडलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा रेतो बेकरीचं काम शिकून घराबाहेर पडला, तेव्हा बापाशी कडाक्याचं भांडून थेट खिडकीवर आला होता. मागं रांग होती. रेगुलानं त्यालाही तेच विचारलं. "हॅम्बर्ग," तो म्हणाला. "एकेरी." तिनं तिकीट छापलं, खिडकीखालून सरकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघितलं. त्यानंतर कितीदा तरी तिला वाटलं, तेव्हा खिडकी पाडून बाहेर यायला हवं होतं. पण आमच्याकडं रांग मोडत नाहीत.

हॅम्बर्गला रेतो एका बेकरीत लागला. पुढं बाप वारला, त्याच्या मातीला येऊन तो परत गेला. मग एका पहाटे तो दारू पिऊन बेकरीची गाडी चालवत होता आणि त्यानं एका सायकलवाल्याला उडवलं. तो माणूस जागीच गेला. दोन लेकरांचा बाप होता. रेतोला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

रेगुला एकदाही भेटायला गेली नाही. जिनं सगळ्या खोऱ्याला सगळ्या युरोपात पोचवलं, तिला ती एक वाट काही धरता आली नाही. गावाला तिनं सांगितलं, रेतो बोटीवर आहे, मोठ्या मालवाहू बोटीवर, फोन लागत नाही. गावानं विश्वास ठेवला, कारण रेगुला खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. खरं फक्त नणंदेला, व्रेनीला, माहीत होतं.

वसंतात एका रविवारी तुरुंगातून फोन आला.

"आई, येत्या मंगळवारी सुटतोय."

"बरं," रेगुला म्हणाली.

"डेन्मार्कला एका बेकरीत काम मिळतंय. इथं सुटणाऱ्यांची सोय बघणाऱ्या बाईंनी त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून दिलंय. पण तू आलीस तर मी जाणार नाही. तुझ्याबरोबर घरी येईन. नाही आलीस तरी राग नाही. मग मात्र मी परत फोन करणार नाही, आई. तुलाही सुटल्यासारखं होईल."

रेगुलाचा हात फोन धरूनच संगणकाकडं गेला. तिनं गाडी शोधली आणि सांगितली. त्याच्या गाडीच्या अर्धा तास आधी हॅम्बर्गला पोचणारी, मानहाइमला बदलून.

"मी फलाटावर उभा राहतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा ऊब आली. "तू सांगितलेली गाडी कधी चुकली नाही."

व्रेनी हे ऐकून डोक्याला हात लावून बसली. "अहो वहिनी, बाझेलहून थेट गाडी आहे की! दुपारीच पोचवते. नाही तर सरळ आदल्या दिवशी जा. मानहाइमला चार मिनिटं? ते काय आपलं वील स्टेशन आहे?"

"समोरचाच फलाट आहे."

"फलाट समोर असेल, गाडी कुठं असेल ते सांगा!"

"दुपारी पोचून त्याच्यासमोर इतका वेळ बसून काय बोलू मी, व्रेनी? आणि आदल्या दिवशी गेले तर रात्रभर विचार करीन आणि सकाळी उठून परत येईन. मला मी ठाऊक आहे."

व्रेनीनं सुक्या नासपतीचा पाव भाजून आणला, रेतोच्या आवडीचा, आणि वहिनीच्या पिशवीत कोंबला.

मंगळवारी बाझेलपर्यंत सगळं घड्याळासारखं झालं. जर्मन हद्द ओलांडली, फ्रायबुर्ग गेलं, आणि मग एका शेताच्या कडेला गाडी थांबली. पुढं रुळावर झाड पडलंय, अशी घोषणा झाली. डब्यातल्या जर्मन लोकांनी एक सुस्कारा सोडला आणि डबे उघडून खायला सुरुवात केली. रेगुला मात्र ताठ बसून राहिली, पर्स मांडीवर, डोळे खिडकीबाहेर. गाडी हलली तेव्हा ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मानहाइम अजून कितीतरी लांब होतं.

मानहाइमला गाडी शिरली तेव्हा समोरच्या फलाटाला हॅम्बर्गची गाडी उभी होती. रेगुलाला ती दिसली आणि तिच्या जिवात जीव आला. गाडी थांबली, दार उघडलं, तिनं खाली पाय ठेवला, आणि समोरची दारं बंद झाली. ती धावली, दाराचं बटण दाबत राहिली. बटणावरचा दिवा विझला होता. काचेपलीकडं एक माणूस तिच्याकडं बघून ओशाळवाणं हसला, आणि तो हसतानाच पुढं सरकत गेला.

पण ती तिकीटखिडकीतली बाई होती, रडण्याआधी ती खिडकी गाठणार. चौकशीला एक तरुण मुलगी होती. तिकीट बघून ती म्हणाली, "चार मिनिटं! कुणी हो काढून दिलं तुम्हाला हे?"

"मीच," रेगुला म्हणाली.

मुलगी वरमली. तिनं भराभर शोधलं. पुढची सरळ गाडी तासाभरानं, पण ती हॅम्बर्गला पोचायच्या आत डेन्मार्कची गाडी निघून गेलेली असणार. दुसरी एक बर्लिनची गाडी होती, आता लगेच येणारी. तिनं ग्योटिंगेनपर्यंत जायचं, तिथं म्यूनिकहून हॅम्बर्गला जाणारी गाडी पकडायची. ती पकडली तर डेन्मार्कची गाडी सुटायच्या जेमतेम आधी पोचता येईल.

"ग्योटिंगेनला मधे किती वेळ आहे?" रेगुलानं विचारलं.

मुलीनं पडद्याकडं बघितलं, मग रेगुलाकडं बघितलं. "चार मिनिटं."

"मुलाला निरोप पोचेल का? हॅम्बर्गच्या फलाटावर नावानं पुकारा करता येईल?"

"तिथं सांगून बघते, पण खात्री नाही देता येणार. त्याचा फोन नाही?"

त्याचा फोन नव्हता. सकाळी सुटलेल्या माणसाजवळ कुठला फोन असणार? मुलीनं तिकिटावर शिक्का मारून कुठल्याही गाडीनं जायची मुभा दिली आणि रेगुला बर्लिनच्या गाडीत चढली. बसायला जागा नव्हती. दाराशी पिशवी धरून उभी असताना तिला एकदम लख्ख दिसलं. तिची ठरलेली गाडी हॅम्बर्गला वेळेवर पोचणार होती. रेतो फलाटावर उभा असणार. सगळी माणसं उतरणार, ती नसणार. दुसऱ्या कुणाची आई असती तर मुलानं म्हटलं असतं, गाडी चुकली असेल. पण रेगुला ब्लायकरची गाडी चुकत नाही. ती आली नाही याचा अर्थ तो एकच काढणार. जन्मभर जो नेमकेपणा मिरवला तोच आज तिच्याविरुद्ध साक्ष देणार होता.

टीसी आला. ताय्फुन नावाचा, कानामागं पांढरे होत चाललेले केस, थकलेला पण गोड बोलणारा. रेगुलानं त्याची बाही धरली. अशी कुणाची बाही तिनं आयुष्यात धरली नव्हती.

"ग्योटिंगेनला हॅम्बर्गची गाडी थांबवून धरा. आपण आताच मागं पडलोय."

"मावशी, एकट्या माणसासाठी ते गाडी धरत नाहीत. दहा-पंधरा जण बदलणारे असले तर मी कळवू शकतो. मग ठरवतात ते." तो खांदे उडवून म्हणाला, "मी डबे फिरलोय. बदलणारे फार नाहीत आज."

"मी विचारते," रेगुला म्हणाली.

"काय विचारता?"

"लोकांना. कोण कोण बदलणार ते."

हे वाचायला सोपं वाटेल. पण आमची माणसं गाडीत शेजारच्याला "ही जागा रिकामी आहे का" एवढंच विचारतात, आणि उतरताना "बरं, येतो" म्हणतात. मधे देशच्या देश ओलांडले तरी तिसरं वाक्य नसतं. त्या रेगुलानं, दोन्ही हातांत पिशवी धरून, डब्यांमागून डबे पालथे घातले. "माफ करा, ग्योटिंगेनला हॅम्बर्गसाठी उतरणार का?" कुणी कानातलं गाण्याचं यंत्र न काढताच मान हलवली. कुणाला वाटलं बाई काहीतरी विकतेय. एक नवराबायको मिळाली, एक सेलोची पेटी घेतलेली विद्यार्थिनी मिळाली. बस, एवढंच. वाटेतलं फुल्डा स्टेशन मागं गेलं होतं.

शेवटच्या डब्यात हसण्याखिदळण्याचा नुसता गलका होता. लाकडी चेंडूनं नऊ खुंट पाडायचा खेळ खेळणाऱ्या बायकांचं मंडळ वार्षिक सहलीला निघालं होतं. सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्यांच्या अंगात एकसारखे गुलाबी सदरे, टेबलांवर फेसाळत्या वाइनच्या बाटल्या आणि उकडलेली अंडी. त्यांची म्होरकी गुंडुला, आवाजानं आणि अंगानं दणकट, रेगुलाला बघून ओरडली, "या, या! एक घोट घ्या, चेहरा बघा कसा झालाय!"

"तुम्ही हॅम्बर्गला..."

"छे हो, बर्लिन! आमचे नवरे घरी, आम्ही बर्लिनला. पण तुम्हाला एवढं काय पेटलंय हॅम्बर्गचं?"

रेगुलाच्या जिभेवर ते नेहमीचं उत्तर तयार होतं. मुलगा बोटीवर असतो, बोट लागणार आहे. तीन वर्षं घोटून गुळगुळीत झालेलं ते वाक्य. पण तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"माझा मुलगा आज तुरुंगातून सुटला. मी एकदाही भेटायला गेले नाही. आज येते म्हणून सांगितलंय. पाचच्या सुमाराला तो डेन्मार्कच्या गाडीत बसेल, आणि मग मला तो कधी दिसणार नाही."

पलीकडच्या रांगेतल्या परक्या माणसांनीही माना वळवल्या. जे आपल्या खोऱ्यात शेजारणीला कळू दिलं नाही, ते तिनं इथं भर गाडीत सांगितलं होतं. तिचे कान तापले, पण मान खाली गेली नाही.

"कशासाठी होता आत?" गुंडुलानं हळू विचारलं.

"दारू पिऊन गाडी चालवत होता. एक सायकलवाला मेला."

गुंडुलानं हातातला पेला टेबलावर ठेवला. "आम्ही चौदा जणी आहोत," ती म्हणाली. "सांगा त्या टीसीला. चौदा बायका ग्योटिंगेनला बदलणार. काय गं पोरींनो?"

"बदलणार!" सगळ्या म्हणाल्या.

"मला त्यात मोजू नका," खिडकीशी बसलेली एक किडकिडीत बाई म्हणाली. तिनं रेगुलाकडं बघितलंही नाही. "माझा भाऊ असाच गेला. सायकलवर."

गुंडुलानं तिच्या दंडावर हात ठेवला. रेगुलाच म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. नाही मोजत."

रेगुलानं ताय्फुनला बोलावून आकडा सांगितला. त्यानं गुलाबी सदऱ्यांकडं, बाटल्यांकडं, सदऱ्यांच्या पाठीवर छापलेल्या 'बर्लिन' या अक्षरांकडं बघितलं.

"तेरा बायका हॅम्बर्गला?"

"तेरा," गुंडुला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. "विचार बदलला आमचा."

त्यानं ओठ दाबून धरले. मग नवराबायको, विद्यार्थिनी आणि मावशी धरून आकडा जुळवला आणि फोन कानाला लावून तो दोन डब्यांमधल्या जागेत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "विचारलंय. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत."

ग्योटिंगेनला गाडी शिरली तेव्हा रेगुला दाराला नाक लावून उभी होती. हॅम्बर्गची गाडी पलीकडं उभी होती. दारं उघडी. तिच्या मागून तेरा गुलाबी बायका फलाटावर उतरल्या, हात हलवत, "आलो, आलो, थांबा हो!" असा कल्ला करत. त्या गाडीचा गार्ड एवढा घोळका बघून शिट्टी तोंडातून काढून उभा राहिला. रेगुला धावली. अर्ध्यात तिच्या लक्षात आलं, हातात पिशवी नाही, दाराशीच राहिली. वळून बघते तर ती किडकिडीत बाई पिशवी घेऊन तिच्यामागून येत होती. तिनं पिशवी रेगुलाच्या हातात दिली आणि परत आपल्या गाडीकडं गेली.

रेगुला चढली. गाडी हलल्यावर तिनं बाहेर बघितलं. गुंडुला बाकीच्यांना कोंबड्यांसारखं हाकत बर्लिनच्या गाडीत चढवत होती. हानोफर गेलं, मुलूख सपाट झाला, आणि रेगुलाला पहिल्यांदा रडू फुटलं. तिनं ते पुसलंही नाही.

हॅम्बर्गचं स्टेशन म्हणजे खाली फलाट, वर पूल. डेन्मार्कची गाडी दुसऱ्या टोकाच्या फलाटाला होती. रेगुला जिना चढली, पुलावरून माणसांना धक्के देत गेली, एकालाही माफ करा म्हणाली नाही, आणि पलीकडचा जिना उतरली. फलाटावर कुणीच थांबलेलं नव्हतं. रेतो नव्हता. गाडी होती, आणि दारं बंद व्हायची घंटा वाजायला लागली होती.

तो गाडीत होता की नव्हता, कुणास ठाऊक. कदाचित रागानं शहरात निघून गेला असेल. कदाचित पुलावरच कुठंतरी उभा असेल. विचार करायला चार मिनिटंसुद्धा नव्हती. रेगुला ब्लायकर, जिनं जन्मात विनातिकीट रेल्वेच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता, ती सरळ आत चढली. मागं दार लागलं. गाडी निघाली.

ती एकेक डबा बघत चालली. तिसऱ्या डब्यात खिडकीशी, पाठमोरा, एक माणूस बसला होता. केस बारीक कापलेले, मान बापासारखी जराशी एका अंगाला कललेली. शेजारच्या जागेवर त्याची बॅग होती. रेगुला समोर जाऊन उभी राहिली.

रेतोनं वर बघितलं. त्याचा चेहरा नुसता कोरा झाला.

"गाडी आली," तो म्हणाला. "तू नव्हतीस."

"चुकली."

"तुझी?"

"माझी. मानहाइमला." तिला धाप लागली होती. "चार मिनिटं ठेवली होती. व्रेनी नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. रेतो, मी तीन वर्षं आले नाही ते..."

"तुझं तिकीट कुठाय?" त्यानं मधेच विचारलं, जणू त्याला तेवढंच दिसत होतं.

"नाहीये."

तो तिच्याकडं बघतच राहिला. त्याच्या ओठांचे कोपरे हलले, ते हसू होतं की रडू ते रेगुलाला कळलं नाही. तेवढ्यात मागून टीसी आली, एक उंच, चष्म्यातली बाई.

"कुठं जायचंय?" तिनं रेगुलाला विचारलं. "एकेरी की परतीचं?"

हे प्रश्न विचारण्यात रेगुलाचा जन्म गेला होता, पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा ते तिच्याकडं नव्हतं. तिनं मुलाकडं बघितलं.

"कुठं जायचंय रे आपल्याला?"

रेतोनं शेजारची बॅग उचलून पायाशी ठेवली.

"आधी बसू द्या तिला," तो टीसीला म्हणाला. "मग सांगतो आम्ही."